बोहुस्लाव्ह मार्तिनूचं वाद्यवृंदसंगीत : काय ऐकावं, कोणत्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मार्तिनू कोण?

बोहुस्लाव्ह मार्तिनू (१८९०–१९५९) हा विसाव्या शतकातला चेक संगीतकार. बोहेमिया आणि मोराव्हिया जिथं एकमेकांना भिडतात त्या डोंगराळ भागातल्या पोलिच्का गावी तो जन्मला, आणि तोही चर्चच्या मनोऱ्यात. वडील जोडे शिवायचे. शिवाय गावात कुठं आग लागते आहे का हे वरून पाहायचं काम त्यांच्याकडं होतं, म्हणून कुटुंबाचं बिऱ्हाड मनोऱ्यातल्या खोलीतच होतं. रस्त्यावर यायचं तर १९३ पायऱ्या उतराव्या लागत. ती खोली आजही पाहता येते.

व्हायोलिन शिकायला तो १९०६ मध्ये प्रागच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) गेला. तिथली शिस्त त्याला मानवली नाही आणि १९१० मध्ये ‘सुधारण्यापलीकडचा हलगर्जीपणा’ असा शेरा मारून त्याला काढून टाकण्यात आलं. पुढं चेक फिलहार्मोनिकमध्ये दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत तो वाजवत होता. १९२३ मध्ये तो पॅरिसला जाऊन फ्रेंच संगीतकार आल्बेर रूसेलकडं शिकू लागला. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या दारात आल्यावर बायकोसह पळाला, दक्षिण फ्रान्स आणि लिस्बनमार्गे मार्च १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. १९३८ च्या उन्हाळ्यानंतर त्याला मायदेश पुन्हा दिसला नाही. स्वित्झर्लंडमध्ये तो वारला, आणि वीस वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याचे अवशेष पोलिच्काला आणून पुरले.

चेक संगीत म्हटलं की स्मेताना, द्वोर्झाक, यानाचेक ही नावं येतात. मार्तिनूकडं वळायचं कारण काय?

कारण त्याच्या वाद्यवृंदाचा आवाज दुसऱ्या कुणासारखा नाही. चार-सहा तास ऐकलंत की रेडिओवर मधूनच लागलेली त्याची रचना नाव न सांगता ओळखता येते. तंतुवाद्यांची अखंड सळसळ, तालाच्या आघाताला हुलकावणी देणारे ठेके, आणि वाद्यवृंदाच्या पोटात बसवलेला पियानो. हा पियानो एकट्यानं मिरवत नाही. तो व्हायोलिन, हार्प आणि तालवाद्यांमध्ये मिसळून सगळ्या आवाजाला एक धार देतो. सहा सिंफनींपैकी (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) पहिल्या पाचही सिंफनींत तो आहे.

आणि आनंद. दोन महायुद्धं आणि परागंदा आयुष्य पाहिलेल्या माणसाच्या संगीतात इतका निखळ आनंद सापडतो हे मला आजही विलक्षण वाटतं. हा आनंद सहज मिळालेला नाही, हे त्याच्या लांबलेल्या ताणांवरून कळतं. पंधरा मिनिटं काळोख आणि मग एका क्षणी सगळं लख्ख, असं तो अनेकदा करतो.

सुरुवात नेमकी कशापासून करावी?

चौथ्या सिंफनीपासून. दुसरा पर्याय सुचवायचा मोह मी टाळतो.

एप्रिल ते जून १९४५ या काळात ती लिहिली गेली. न्यूयॉर्कमध्ये सुरुवात, केप कॉडच्या किनाऱ्यावर शेवट. दरम्यान युरोपातलं युद्ध संपलं होतं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फिलाडेल्फियात वाद्यवृंदाचा संचालक युजीन ऑर्मंडी यानं ती पहिल्यांदा सादर केली.

पहिल्या मूव्हमेंटची (भागाची) सुरुवात कान देऊन ऐका. खाली थरथरणारा पडदा, त्यातून सुषिरवाद्यांवर एक सूर वर येतो आणि मेजर (उजळ) की मायनर (उदास) हे न ठरवता डोलत राहतो. मग चपळ, तुटक आकृत्या. पुन्हा तो सूर, आता अधिक भरलेला. परत चपळाई. दोन गोष्टींची अशी आलटापालट चालते, आणि दर खेपेला पहिली थोडी जास्त प्रकाशात येते. दुसरी मूव्हमेंट सुसाट पळते. तिसरी, लार्गो (म्हणजे अगदी संथ), हे माझ्या मते या सिंफनीचं काळीज : तंतुवाद्यं हळूहळू, जराशा भीतीनंच उलगडत जातात, मध्ये मोजकीच वाद्यं एकट्यानं बोलतात, आणि पियानोचे सूर त्यात ठिबकतात. शेवटच्या मूव्हमेंटची सुरुवात इतकी धास्तावलेली आहे की पुढचा उजेड खरा वाटतो.

रेकॉर्डिंग : मार्टिन तुर्नोव्स्कीनं चेक फिलहार्मोनिकबरोबर १९६० च्या दशकात सुप्राफोन कंपनीसाठी केलेलं. तुर्नोव्स्कीचं नाव फारसं घेतलं जात नाही, पण या एका रेकॉर्डिंगमुळं मार्तिनूप्रेमी त्याला विसरत नाहीत. वेग अचूक आहेत, गोडवा आहे आणि चिकटपणा नाही. बरोबर ‘त्रे रिचेर्कारी’ ही १९३८ ची छोटी, टणक रचनाही मिळते.

कोणीही वाजवलं तरी नोटेशन तेच ना? रेकॉर्डिंगनं इतका फरक का पडावा?

मार्तिनूच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त पडतो. त्याचं कारण त्याच्या लिहिण्यातच आहे.

त्याची वीण दाट असते. एकाच वेळी व्हायोलिनं सोळांश स्वरांत भरभर चाललेली असतात, त्याखाली दुसरी व्हायोलिनं आणि व्हायोला एक आडवा ठेका धरतात, पियानो त्या ठेक्याचे कोपरे टोकदार करतो, आणि वरून एखादी लांब चाल जाते. वरची चाल सगळ्यांनाच ऐकू येते. पण गंमत आतल्या थरांत आहे. ते थर रेकॉर्डिंगमध्ये एकमेकांत कालवले गेले तर उरतो तो एक जाड, गोडसर घुमारा, आणि ऐकणारा म्हणतो, “बरं आहे, पण सगळं सारखंच वाटतं.” मार्तिनूबद्दलची ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली, तितक्या वेळा बोलणाऱ्यानं धूसर रेकॉर्डिंग ऐकलेलं होतं किंवा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेलं होतं.

दुसरं कारण तालाचं. त्याचे आघात बार-रेषेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या सुरुवातीवर, पडत नाहीत. ते रेषेच्या अलीकडं-पलीकडं पडतात आणि त्यातून चाल पुढं ढकलली जाते. वाजवणारे नुसते मोजून वाजवत असतील तर हे अडखळल्यासारखं वाटतं. अंगात भिनलं असेल तर नाचतं. चेक फिलहार्मोनिकच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हे भिनलेपण ठळकपणे जाणवतं.

म्हणून एखादी सिंफनी आवडली नाही तर तिच्यावर काट मारण्याआधी ती दुसऱ्या कुणाची ऐका. पियानो ऐकू येतो का, ही एक साधी कसोटी लावा (सहावी सोडून, तिच्यात पियानो नाही). येत असेल तर ध्वनिमुद्रकानं आणि संचालकानं आपलं काम केलेलं आहे.

सहा सिंफनी कोणत्या क्रमानं ऐकू?

चौथी, मग पाचवी, मग पहिली, मग सहावी. दुसरी आणि तिसरी त्यानंतर कधीही.

यातल्या पहिल्या पाच सिंफनी १९४२ ते १९४६ या काळात, वर्षाला एक अशा वेगानं लिहिल्या गेल्या. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्यानं एकही सिंफनी लिहिली नव्हती. अमेरिकेत आल्यावर बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाचा संचालक सर्गेई कुसेवित्स्की यानं दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ रचना मागितली आणि ती पहिली सिंफनी झाली. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती बॉस्टनला वाजली. तिच्या अगदी सुरुवातीला सगळा वाद्यवृंद खालून वर सरकत जातो आणि एका उजळ मेजर स्वरसंहतीवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) येऊन उघडतो. एवढी वर्षं थांबलेल्या माणसाची ही पहिली ओळ आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

दुसरी सगळ्यांत छोटी आणि मोकळी, क्लीव्हलंडमधल्या चेक स्थलांतरितांना अर्पण केलेली. तिसरी सगळ्यांत काळोखी. तीनच मूव्हमेंट आणि मायदेशाची ओढ थेट हाडात शिरते. पाचवी चेक फिलहार्मोनिकला अर्पण केली आहे. संचालक राफाएल कुबेलिकनं ती मे १९४७ मध्ये ‘प्राग स्प्रिंग’ महोत्सवात सादर केली. त्याआधीच्या वर्षी, जुलै १९४६ मध्ये, मार्तिनू अमेरिकेत एका सज्जावरून पडून गंभीर जखमी झाला होता. त्याच्या ऐकण्यावर आणि तोलावर परिणाम झाला. सहावी सिंफनी यायला पुढं बरीच वर्षं लागली.

सहाही एकत्र हव्या असतील तर कोणता संच घ्यावा?

ईर्झी बिएलोह्लावेकनं बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर लंडनच्या बार्बिकनमध्ये २००९–१० च्या हंगामात केलेले कार्यक्रम ऑनिक्स कंपनीनं तीन सीडींमध्ये काढले. एकच संच घ्यायचा तर हा. बिएलोह्लावेकनं आयुष्यभर मार्तिनू वाजवला आणि इथं ते सगळं मुरलेलं ऐकू येतं. प्रत्यक्ष मैफलीची ऊब आहे, आतले थरही स्वच्छ आहेत. त्याला लार्गो वाजवताना कसली घाई नसते, आणि तरी ओळ सुटत नाही.

नीमे यार्वीचा बाम्बर्ग सिंफनीबरोबरचा बीआयएसचा संच (१९८० च्या दशकाचा उत्तरार्ध) जास्त धडाडीचा आणि जास्त घुमारेदार. अनेकांना मार्तिनूची ओळख याच संचानं झाली. बाम्बर्गचा वाद्यवृंद १९४६ मध्ये उभा राहिला तो चेकोस्लोव्हाकियातून बाहेर पडावं लागलेल्या जर्मन वादकांमुळं. त्याच वाद्यवृंदानं प्रागला मुकलेल्या चेक माणसाचं संगीत वाजवावं, यात इतिहासाचा एक विचित्र धागा आहे.

व्हात्स्लाव्ह नॉयमानचा चेक फिलहार्मोनिकबरोबरचा सुप्राफोन संच १९७० च्या दशकातला. वाद्यांचा रंग अप्रतिम : ते किंचित कंप घेणारे हॉर्न, ती लाकडी गोडव्याची क्लॅरिनेटं आज कुठल्याच वाद्यवृंदात तशी ऐकू येत नाहीत. ध्वनी मात्र जागोजागी धूसर आहे. म्हणून हा दुसरा संच म्हणून घ्या, पहिला म्हणून नको. ब्रायडन थॉमसनचा स्कॉटिश वाद्यवृंदाबरोबरचा शँडोसचा संच भव्य आणि सावकाश आहे, तिसऱ्या सिंफनीला तो छान मानवतो. आर्थर फॅगनचा नॅक्सॉससाठीचा संच स्वस्तात मिळायचा, पण वादन सगळीकडं सारखं भरत नाही. कॉर्नेलिउस माइस्टरचा व्हिएन्नाच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबरचा संच नवा आहे आणि तपशील पाहायला फार उपयोगी.

कारेल आंचेर्लची रेकॉर्डिंग जुनी, मोनो (एकाच चॅनेलची) आहेत. तरी ऐकावीत का?

हो, आणि लवकर ऐकावीत.

आंचेर्ल १९५० पासून १९६८ पर्यंत चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख होता. ज्यू असल्यामुळं नाझींनी त्याला तेरेझीन आणि पुढं आउश्वित्झ या छळछावण्यांत पाठवलं. तो वाचला, त्याचं कुटुंब वाचलं नाही. त्याच्या वादनात दुःखाचं प्रदर्शन कुठंही नाही. सगळं आटीव, ताठ, स्वच्छ. मार्तिनूच्या गोडव्याला नेमका हाच कणा लागतो.

पाचवी (१९५५) आणि सहावी (१९५६) ही त्याची मोनो रेकॉर्डिंग सुप्राफोननं नीट दुरुस्त करून पुन्हा काढली आहेत. दोन मिनिटांत कान मोनोला सरावतो. पाचवीच्या शेवटच्या मूव्हमेंटमध्ये तो ठेका असा काही धरतो की खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. पाचवीसाठी माझी पहिली पसंती आजही हीच.

सहाव्या सिंफनीची इतकी वेगवेगळी रेकॉर्डिंग आहेत. फरक नेमका कुठं ऐकायचा?

अगदी पहिल्या दोन मिनिटांत.

तिचं अधिकृत नाव ‘फँटेझी सिंफॉनिक’. १९५१ ते १९५३ या काळात लिहिलेली, बॉस्टन सिंफनीचा संचालक शार्ल म्युन्श याला अर्पण केलेली, जानेवारी १९५५ मध्ये त्यानंच पहिल्यांदा सादर केलेली. आधी तीन पियानो घालायचा विचार होता. शेवटी एकही ठेवला नाही. सुरुवातीला बासऱ्या, आवाज दाबलेले ट्रम्पेट आणि तंतुवाद्यं मिळून एक गुणगुणता, घोंघावता गोळा तयार करतात. त्यात सूर आहेत पण चाल नाही. त्यातून एकटा चेलो चार स्वर काढतो : एक स्वर, त्याच्या अर्धा सूर वर, मग मूळ स्वराच्या अर्धा सूर खाली, आणि परत मूळ जागी. द्वोर्झाकच्या ‘रेक्विएम’ची सुरुवात नेमकी याच चार स्वरांनी होते. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं हे चार स्वर पाठ सोडत नाहीत.

म्युन्शचं १९५६ चं बॉस्टन रेकॉर्डिंग (आरसीए कंपनीचं, मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूला वॉल्टर पिस्टनची सहावी सिंफनी) या सुरुवातीला जवळजवळ धोक्याची घंटा बनवतं. घोंघावणं अंगावर येतं, वेग पेटलेले, मधली मूव्हमेंट बेभान. आंचेर्ल त्याच वर्षी हीच जागा थंड डोक्यानं मांडतो. प्रत्येक वाद्याची कड वेगळी दिसते, आणि म्हणूनच चेलोचे चार स्वर अधिक एकाकी वाटतात. बिएलोह्लावेकचं चेक फिलहार्मोनिकबरोबरचं शँडोस रेकॉर्डिंग, ज्यात यानाचेकची ‘सिंफोनिएता’ आणि चेक संगीतकार सुकचं ‘फँटॅस्टिक स्केर्झो’ही आहे, या जागेला स्वप्नाचा पोत देतं आणि शेवटचा कोराल (स्तोत्रासारखा संथ भाग) फार शांतपणे खाली ठेवतं.

तिन्ही ऐकाच. एकापाठोपाठ पूर्ण नकोत, आधी तिन्हींची पहिली दोन-दोन मिनिटं. त्यात जे कळेल ते कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त असेल.

‘डबल कॉन्चेर्तो’बद्दल सगळे बोलतात. ते इतकं महत्त्वाचं का?

दोन तंतुवाद्यवृंद, पियानो आणि टिंपनी (सुरात लावलेले मोठे नगारे) एवढ्यांसाठीची ही सुमारे वीस मिनिटांची रचना. स्वित्झर्लंडचा संचालक पाउल साखर यानं मागितली आणि त्याच्याच डोंगरावरच्या घरी, शोनेनबर्गला, २९ सप्टेंबर १९३८ रोजी ती पुरी झाली. त्याच दिवशी म्युनिकला चार देशांचे नेते चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकायला बसले होते. या संगीतात कुठंही श्वास घ्यायला जागा नाही. दोन बाजूंचे वृंद एकमेकांवर धावून जातात आणि पियानो मध्ये हातोडा मारत राहतो.

कारेल शेयनाचं चेक फिलहार्मोनिकबरोबरचं १९५८ चं रेकॉर्डिंग यातलं सगळ्यांत जळजळीत. चार्ल्स मॅकेरसनं प्रागच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर केलेलं रेकॉर्डिंग ध्वनीच्या दृष्टीनं चांगलं आणि तितकंच निग्रही. ही रचना हेडफोन लावून ऐका. डावा वृंद आणि उजवा वृंद वेगळे कळले नाहीत तर निम्मी रचना गेली.

‘मेमोरियल टू लिदित्से’ ऐकण्याआधी काय माहीत असावं?

१० जून १९४२ रोजी नाझींनी प्रागजवळचं लिदित्से गाव नष्ट केलं. नाझी अधिकारी हायड्रिख याच्या हत्येचा सूड म्हणून १७३ पुरुषांना तिथंच गोळ्या घातल्या, बायकांना छळछावणीत धाडलं, बहुतेक मुलं मारली गेली. मार्तिनूची जेमतेम आठ-नऊ मिनिटांची ही रचना २८ ऑक्टोबर १९४३ रोजी, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या स्थापनेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं पहिल्यांदा सादर केली. तिच्यात संत व्हात्स्लाव्हचं प्राचीन चेक स्तोत्र विणलेलं आहे, आणि शेवटाकडं हॉर्नवर बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे चार ठोके येतात. दोस्त राष्ट्रांनी ते विजयाची खूण म्हणून घेतले होते.

आंचेर्लचं १९५७ चं रेकॉर्डिंग ऐका. हे संगीत त्यानं वाजवावं यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

सिंफनी नको, काहीतरी रंगीत, चित्रमय हवं असेल तर?

‘पिएरो देला फ्रांचेस्काची भित्तिचित्रं’, १९५५. इटलीत अरेत्सो गावातल्या सॅन फ्रान्चेस्को चर्चमध्ये पंधराव्या शतकातली ही चित्रं आहेत. ती पाहून मार्तिनू हलला आणि पुढं नीसला राहत असताना त्यानं तीन भागांची ही रचना केली. पहिल्या भागामागं शेबाची राणी आणि तिच्यासोबतच्या स्त्रिया आहेत, दुसऱ्यामागं सम्राट कॉन्स्टँटाइनचं स्वप्न. त्या चित्रांतली फिकी निळाई आणि अचलपणा वाद्यवृंदात आणताना त्यानं आकृत्यांच्या कडाच पुसून टाकल्या आहेत. रंग आधी येतात, चाल मागून.

रचना कुबेलिकला अर्पण केलेली. ऑगस्ट १९५६ मध्ये त्यानं साल्झबुर्गला व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर ती पहिल्यांदा सादर केली आणि त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऑर्फेओ कंपनीनं काढलं आहे. ऐतिहासिक म्हणून ते जवळ असावं. रोज ऐकायला आंचेर्ल (१९५९) किंवा मॅकेरस. हे आवडलं तर ‘पॅरेबल्स’कडं या. तीन भाग, शेवटच्या वर्षांतले. आंचेर्लचंच १९६१ चं रेकॉर्डिंग घ्या.

पियानो किंवा व्हायोलिनचे कॉन्चेर्तो (एक वाद्य पुढं आणि वाद्यवृंद साथीला अशा रचना)?

पियानोसाठी रुडॉल्फ फिर्कुश्नी. मार्तिनूचा जवळचा मित्र, त्याच्या अनेक रचना पहिल्यांदा वाजवणारा. ऐंशीच्या घरात असताना प्रागला जाऊन त्यानं लिबोर पेशेक आणि चेक फिलहार्मोनिकबरोबर दुसरा, तिसरा आणि चौथा कॉन्चेर्तो रेकॉर्ड केला. चौथ्याचं नाव ‘इन्कँटेशन’. तो विलक्षण आहे, दोनच भाग, आणि रूढ कॉन्चेर्तोचा बाज जवळपास सोडून दिलेला.

व्हायोलिनचे दोन. पहिला १९३० च्या दशकात लिहिला, हरवला, आणि १९७३ मध्ये शिकागोत व्हायोलिनवादक योसेफ सुकनं (वर आलेला संगीतकार सुक वेगळा) पहिल्यांदा वाजवला. दुसरा मिशा एल्मनसाठी १९४३ मध्ये लिहिलेला. सुक–नॉयमान ही जुनी जोडी अजून हृदयाला भिडते. फ्रँक पेटर झिमरमान आणि याकुब ह्रूशा यांचं बाम्बर्गबरोबरचं बीआयएस रेकॉर्डिंग नवं, आणि ध्वनी, वादन दोन्हींत वरचढ. व्हायोलासाठीची ‘रॅप्सडी-कॉन्चेर्तो’ (१९५२) चुकवू नका. तिचा शेवट ज्या रीतीनं विरतो तसं मार्तिनूनंही फार वेळा लिहिलं नाही.

पॅरिसमधलं जॅझच्या वळणाचं संगीतही आहे म्हणे?

आहे. ‘हाफ-टाइम’ (१९२४) फुटबॉलच्या मध्यंतरातल्या गर्दीवर, आणि ‘ला बागार’ (१९२६) गर्दीच्या गोंगाटावर. दुसरी त्यानं पुढं एकट्यानं अटलांटिक पार करणाऱ्या लिंडबर्गला अर्पण केली आणि कुसेवित्स्कीनं १९२७ मध्ये बॉस्टनला सादर केली. दोन्ही छोट्या, झणझणीत. पण स्ट्राव्हिन्स्कीची सावली अजून गडद आहे, म्हणून इथून सुरुवात करू नका.

आपला कान रागसंगीताचा. या संगीतात धरायचं काय?

ख्यालातली बढत धरा. मार्तिनू मोठी, भरघोस चाल देऊन मग तिचे तुकडे करत नाही. तो उलटा जातो : दोन-तीन स्वरांचा एक कण घेतो, तो पुन्हा पुन्हा म्हणतो, दर वेळी एखादा स्वर वाढवतो, जागा बदलतो, आणि त्यातून चाल तुमच्या डोळ्यांदेखत वाढत जाते. त्यामुळं सुरुवातीची मिनिटं ‘अजून सुरू झालं नाही’ असं वाटलं तर ते बरोबरच आहे.

फरक आहे तो स्वरसंहतींचा. त्याच्याकडं एक लाडकी जागा आहे : एक ताणलेली, किंचित दुखरी स्वरसंहती, आणि तिच्यामागून अनपेक्षित उबदार अशी साधी मेजर. जाणकार तिला मोराव्हियन कॅडेन्स (कॅडेन्स म्हणजे ओळ पुरी करणारी जागा) म्हणतात. ‘जुलिएता’ या त्याच्या ऑपेरात ती ठळकपणे येते आणि सहाव्या सिंफनीत परत भेटते. एकदा ओळखलीत की तिची वाट पाहू लागाल.

रचनेच्या नावापुढं ‘एच. ३०५’ असं काही लिहिलेलं असतं, ते काय?

बेल्जियन संगीतशास्त्रज्ञ हॅरी हालब्राइखनं केलेल्या सूचीतला क्रमांक. मार्तिनूच्या रचना चारशेच्या आसपास आहेत आणि सारख्या नावांच्या कितीतरी, म्हणून शोधताना हा क्रमांक फार कामाचा. पहिली सिंफनी २८९, दुसरी २९५, तिसरी २९९, चौथी ३०५, पाचवी ३१०, सहावी ३४३. डबल कॉन्चेर्तो २७१, लिदित्से २९६, भित्तिचित्रं ३५२.

ऑनलाइन शोधताना घोळ होतो. काही युक्ती?

संगीतकाराच्या आडनावाबरोबर संचालकाचं नावही टाका. नुसतं ‘सिंफनी नंबर चार’ लिहिलंत तर शंभर जणांच्या येतील. आडनावातल्या शेवटच्या अक्षरावरचं छोटं वर्तुळ टाकलं नाही तरी चालतं. सगळ्या मूव्हमेंट यादीत आहेत आणि त्याच रेकॉर्डिंगच्या आहेत हे तपासा. यूट्यूबवर अनेकदा एकच भाग असतो. ॲपमध्ये सगळ्या ट्रॅकचा आवाज समान करणारी सोय असते, ती बंद करा. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर तिच्यामुळं आखडतं आणि मार्तिनूचे लांब चढ सपाट होतात. आणि प्रवासात सहावी ऐकू नका. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही गाडीच्या आवाजात बुडतात.

त्याचं सगळंच ऐकण्यासारखं आहे का?

नाही. तो भराभर लिहायचा आणि मागं वळून फारशी दुरुस्ती करत नसे. १९३० च्या दशकातल्या काही कॉन्चेर्तो ग्रोसो वळणाच्या (मोजके वादक विरुद्ध मोठा वृंद अशा जुन्या घडणीच्या) रचनांत नुसतं शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं : ठेका आहे, कारागिरी आहे, पण माणूस दिसत नाही. तरुणपणातल्या मोठ्या रचनांत देब्यूसीचा प्रभाव पचलेला नाही. त्या ऐकायच्याच असतील तर इयन हॉब्सन आणि सिंफोनिया वार्सोव्हिया यांची टोक्काटा क्लासिक्सची मालिका आहे, पण ती सहाही सिंफनी पाठ झाल्यावर.

सिंफनी आवडल्या. आता पुढं काय?

मॅकेरसनं चेक फिलहार्मोनिकबरोबर केलेले ‘जुलिएता’चे तीन तुकडे, ज्यात मॅग्डालेना कोझेना गाते. मग ‘झऱ्यांची सफाई’, १९५५ ची छोटी कँटाटा (गायकवृंद आणि वाद्यांची रचना). तिच्यात वाद्यवृंदही नाही : बायका-मुलांचा गायकवृंद, एकल गायक, निवेदक, दोन व्हायोलिन, व्हायोला आणि पियानो, एवढंच. त्याच्या गावाकडच्या डोंगरांत वसंत आला की मुलं झऱ्यांमधला पालापाचोळा काढून पाणी वाहतं करतात, त्यावरची. त्यानंतर ‘गिल्गमेश’ हे मोठं ऑरेटोरिओ (गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांनी सांगितलेली कथा) घ्या. एका बैठकीत नको, तीन भाग आहेत, तीन संध्याकाळी ऐका.